बेंबीजवळची धडधड : महारोहिणीच्या फुगवट्याचा दोन हजार वर्षांचा इतिहास

#थ्रेड #इतिहास #वैद्यकाचा_इतिहास

१/
धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुका खव्यासाठी प्रसिद्ध आहे. याच तालुक्यात, बालाघाटाच्या पठारावर, ईट हे गाव वसले आहे. अशा गावांतून पोटाच्या दुखण्याचे एक जुने निदान पिढ्यानपिढ्या ऐकू येते : ‘बेंबी सरकली.’ जाणता माणूस रुग्णाला उताणे झोपवतो, बेंबीवर बोटे टेकवून आतली धडधड कोठे लागते ते पाहतो आणि ती जागेवर आणण्यासाठी तेल लावून पोट चोळतो. बहुतेकांना थोड्या वेळाने बरेही वाटते. कारण साधी पोटदुखी बहुधा आपोआपच थांबते.

२/
बेंबी सरकत नाही. पण बोटांना लागणारी ती धडधड मात्र खरी असते. हृदयातून निघालेली शरीरातील सर्वांत मोठी शुद्ध रक्ताची वाहिनी पाठीच्या कण्यापुढून खाली उतरते आणि साधारण बेंबीच्या पातळीवर दुभंगून दोन्ही पायांकडे जाते. मराठी विश्वकोशाने अशा वाहिन्यांसाठी ‘रोहिणी’ हा शब्द रूढ केला. त्या परिभाषेत ही ‘महारोहिणी’ होय. सडपातळ माणसाच्या पोटावर हात ठेवला, की तिचा ठोका सहज लागतो. प्रश्न तेव्हा निर्माण होतो, जेव्हा ठोक्याच्या जागी धडधडणारी गाठ लागते.

३/
सायकलच्या जुन्या ट्यूबला कमकुवत जागी फुगा येतो, तसाच फुगा महारोहिणीच्या भिंतीलाही येऊ शकतो. पोटातील महारोहिणीचा व्यास साधारणपणे २ सेंटिमीटर असतो. तो ३ सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक झाला, की त्यास रोहिणीविस्तार, म्हणजेच ॲन्युरिझम म्हणतात. नळी जितकी रुंद होते, तितका तिच्या भिंतीवरचा ताण वाढतो. लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने हा नियम ओळखला जातो. ताण वाढला की भिंत आणखी ताणली जाते, आणि ताणली गेली की ताण आणखी वाढतो. हे सारे वर्षानुवर्षे, कसलीही वेदना न होता चालू राहते. मग एके दिवशी भिंत फाटते.

४/
फाटल्यानंतर निम्म्याच्या आसपास रुग्ण रुग्णालयाच्या दारापर्यंतही पोहोचत नाहीत. पोहोचलेल्यांपैकीही अनेक दगावतात. उलट, न फाटलेला फुगवटा वेळीच दुरुस्त केला, तर बहुसंख्य रुग्ण घरी परततात. एकाच आजाराच्या या दोन अवस्थांत एवढे अंतर का पडले, हे समजून घेण्यासाठी त्याचा इतिहास पाहावा लागतो. माणसाच्या हाताला ही गाठ दोन हजार वर्षांपूर्वीच कळली होती. ती बरी करण्याची विद्या गेल्या पाऊणशे वर्षांतली आहे. आणि ती फुटण्याआधी शोधली पाहिजे, हे शहाणपण तर अवघ्या काही दशकांचे आहे.

५/
आरंभ भारतातून करू. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शरीरातील सातशे सिरांचे मूळ नाभीत सांगितले आहे. चाकाच्या तुंब्याभोवती आरे असावेत, तशा त्या नाभीभोवती पसरतात, अशी ती कल्पना. निदानस्थानात ‘सिराज ग्रंथी’ वर्णिली आहे : दुर्बल माणसाने अतिश्रम केल्याने सिरांत उद्भवणारी गोल, उंच गाठ. दुखणारी व हलणारी गाठ कष्टाने बरी होते. न दुखणारी, न हलणारी, मोठी आणि मर्मस्थानी असलेली गाठ मात्र वैद्याने हाती घेऊ नये, असे ग्रंथकार बजावतो. ही गाठ म्हणजेच आजचा रोहिणीविस्तार, असे ठामपणे म्हणणे इतिहासाच्या शिस्तीत बसणार नाही. परंतु रक्तवाहिनीच्या काही गाठींना शस्त्र लावणे म्हणजे मृत्यूला बोलावणे, हा अनुभव त्या काळी नोंदला गेला होता, एवढे निश्चित.

६/
धाराशिवजवळचे आजचे तेर म्हणजे प्राचीन ‘तगर’. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे नगर म्हणून त्याचा उल्लेख येतो. तेथील कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जाई व पुढे रोमन जगात पोहोचे. त्याच रोमन जगात दुसऱ्या शतकात गेलन हा सम्राट मार्कस ऑरेलियसचा वैद्य होऊन गेला. रक्तवाहिनीच्या या धडधडत्या गाठीचे वर्णन त्याने केले. दाबली की ती लहान होते, आणि फुटली तर रक्त सहजी थांबत नाही, हे त्याला ठाऊक होते. तगरचे कापड आणि हा आजार यांची गाठ पुढे एका वेगळ्या रीतीने पडणार होती. त्याकडे यथावकाश येऊ.

७/
त्याच शतकातील अँटिलस या शस्त्रवैद्याने एक धाडसी पद्धत सांगितली : गाठीच्या वर आणि खाली वाहिनी दोऱ्याने बांधावी, गाठ चिरून रिकामी करावी व जखम भरून येऊ द्यावी. ही पद्धत हातापायांच्या वाहिन्यांसाठी होती. फार मोठ्या गाठींना हात लावू नये, असे त्यानेही सांगून ठेवले. पोटाच्या आत शिरण्याचा तर प्रश्नच नव्हता. पुढील हजार-दीड हजार वर्षे या ज्ञानात मूलभूत भर पडली नाही.

८/
१५५५ साली दख्खनेत अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही नांदत होती. त्या वर्षी जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे आंद्रेआस व्हेसालियस याने एका जिवंत रुग्णाच्या महारोहिणीला फुगवटा आल्याचे निदान केले. दोन वर्षांनी रुग्ण मरण पावला आणि शवविच्छेदनात ते निदान खरे ठरले. निदान अचूक होते, उपचार शून्य होता. या आजाराच्या संदर्भात वैद्याची ही अवस्था आणखी चार शतके टिकणार होती.

९/
मराठी माणसाला १७६१ म्हटले की पानिपत आठवते. त्याच वर्षी इटलीतील पादुआ विद्यापीठाचे वयोवृद्ध प्राध्यापक मोर्गान्यी यांचा रोगांची स्थाने व कारणे सांगणारा महाग्रंथ प्रसिद्ध झाला. शेकडो शवविच्छेदनांच्या नोंदींतून त्यांनी रुग्णाची जिवंतपणीची लक्षणे आणि मृत्यूनंतर सापडलेली विकृती यांची सांगड घातली. त्यात महारोहिणीचे फुगवटेही होते. त्या काळी छातीतील अशा फुगवट्यांचे एक मोठे कारण उपदंश, म्हणजे सिफिलिस हे असे. आजार एकच दिसत असला, तरी त्यामागची कारणे काळाप्रमाणे आणि प्रदेशाप्रमाणे बदलतात. हा धागा पुढे मुंबईत पुन्हा हाती लागेल.

१०/
अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये जॉन हंटर याने गुडघ्यामागच्या फुगवट्यावर नवा उपाय केला. त्याने गाठीला हातच लावला नाही. बरीच वर, मांडीत, वाहिनी बांधली. आजूबाजूच्या लहान वाहिन्या रुंदावल्या, त्यांनी पायाला रक्त पुरवले आणि पाय वाचला. हे साल १७८५. त्यानंतर दहा वर्षांनी, १७९५ मध्ये, भूमला लागून असलेल्या जामखेड तालुक्यातील खर्डा येथे मराठे व निजाम यांची प्रसिद्ध लढाई झाली. लढाईत तुटलेला पाय कापून जीव वाचवणे ही त्या युगाची शस्त्रक्रिया होती. पोट उघडणे ही नव्हे.

११/
हंटरचा शिष्य ॲस्टली कूपर याने ती मर्यादा ओलांडण्याचा प्रयत्न केला. १८१७ च्या जूनमध्ये लंडनच्या गाइज रुग्णालयात ३८ वर्षांचा एक हमाल जांघेजवळच्या फुटलेल्या फुगवट्यातून रक्त वाहत असताना दाखल झाला. भूल नव्हती, निर्जंतुकीकरण नव्हते. कूपरने पोटात बोट घालून महारोहिणी शोधली आणि तीच दोऱ्याने बांधली. रुग्ण सुमारे ४० तास जगला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये खडकीच्या लढाईने पेशवाईचा शेवट जवळ आणला. महारोहिणी बांधून रुग्ण जगवण्यास मात्र अजून शतकाहून अधिक अवकाश होता.

१२/
रोहिणी आणि नीला यांच्या रेखाचित्रांनी जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना घडवणारा ‘ग्रेज ॲनाटॉमी’ हा ग्रंथ १८५८ मध्ये प्रसिद्ध झाला. लेखक हेन्री ग्रे. पण त्यातील चित्रे काढणारा हेन्री व्हॅनडाइक कार्टर त्याच वर्षी मुंबईत आला. १८४५ मध्ये स्थापन झालेल्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात तो शरीररचनाशास्त्र शिकवू लागला, पुढे साताऱ्यास सिव्हिल सर्जन होता आणि अखेरीस ग्रँट महाविद्यालयाचा प्राचार्यही झाला. ज्याच्या हाताने त्या ग्रंथातील महारोहिणी रेखाटली, त्याच हाताने मुंबईच्या विद्यार्थ्यांना ती शवावर दाखवली. रचना कळली. दुरुस्ती अजून दूर होती.

१३/
पोटाच्या शस्त्रक्रियेची पहिली अट म्हणजे भूल. ईट तेव्हा ज्या निजामी राज्यात होते, त्याच राज्याच्या राजधानीत १८८८ व १८८९ मध्ये ‘हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग’ भरले. क्लोरोफॉर्मने रुग्ण दगावतो तो हृदय थांबल्याने की श्वास थांबल्याने, हा जगभरचा वाद सोडवण्यासाठी निजामाने पैसा पुरवला होता. आयोगाने श्वासाला दोष दिला. हा निष्कर्ष पुढे पुरता टिकला नाही. मात्र शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेविषयीची एक जागतिक चर्चा काही काळ दख्खनेत घडली, ही नोंद महत्त्वाची.

१४/
दरम्यान, फुगवटा आतून गोठवण्याचे विचित्र उपायही झाले. १८६४ मध्ये लंडनच्या चार्ल्स मूर याने छातीतील एका फुगवट्यात तब्बल २६ यार्ड लोखंडी तार सोडली. तारेभोवती रक्त गोठून पोकळी बुजेल, अशी आशा होती. रुग्ण वाचला नाही. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सचे रुडॉल्फ मातास यांनी १८८८ मध्ये फुगवटा उघडून आतूनच टाके घालण्याची पद्धत काढली. १९२३ मध्ये त्यांनीच पोटातील महारोहिणी बांधून रुग्ण जगवून दाखवला. कूपरच्या प्रयत्नानंतर १०६ वर्षांनी.

१५/
१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानाने शरणागती पत्करली आणि मराठवाडा मुक्त झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ज्यूइश रुग्णालयात पोटदुखीच्या वारंवार तक्रारींमुळे एका ६९ वर्षांच्या शास्त्रज्ञाचे पोट उघडण्यात आले. आत पपनसाएवढा महारोहिणीचा फुगवटा निघाला. शस्त्रवैद्य रुडॉल्फ निसेन यांनी त्याभोवती सेलोफेन गुंडाळला. या पातळ कागदाने भोवतालच्या ऊतींना चेतना मिळून जाड व्रण तयार होई आणि भिंतीला आधार मिळे. तो शास्त्रज्ञ म्हणजे अल्बर्ट आइन्स्टाइन. निसेन स्वतः नाझी जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू शस्त्रवैद्य होते.

१६/
सेलोफेनने आइन्स्टाइन यांना सहा वर्षांहून अधिक काळ दिला. दरम्यान शस्त्रक्रिया झपाट्याने पुढे गेली होती. २९ मार्च १९५१ रोजी पॅरिसमध्ये शार्ल द्यूबॉस्त यांनी पोटातील फुगवटा कापून काढला आणि त्या जागी मृत व्यक्तीच्या महारोहिणीचा तुकडा शिवला. एप्रिल १९५५ मध्ये आइन्स्टाइन यांचा फुगवटा फुटू लागला, तेव्हा त्यांना शस्त्रक्रिया सुचवण्यात आली. त्यांनी ती नाकारली. १८ एप्रिल रोजी, वयाच्या ७६ व्या वर्षी, प्रिन्स्टन येथे त्यांचे निधन झाले. उपचार उपलब्ध होऊनही तो नाकारण्याचा अधिकार रुग्णाचा असतो, हाही या इतिहासाचा एक भाग आहे.

१७/
मृतांच्या वाहिन्या सहज मिळत नसत आणि शरीरात त्या लवकर झिजत. तेव्हा कोलंबिया विद्यापीठातील आर्थर व्हूरहीस यांना एक गोष्ट आठवली. प्रयोगातील कुत्र्याच्या हृदयात राहून गेलेल्या रेशमी टाक्यावर काही महिन्यांत गुळगुळीत जिवंत थर चढला होता. मग कापडाचीच नळी का करू नये? त्यांनी विन्यॉन-एन या कृत्रिम धाग्याच्या कापडाच्या नळ्या केल्या व १९५२ मध्ये हे काम प्रसिद्ध केले. ह्यूस्टनचे मायकेल डेबेकी दुकानात नायलॉन घ्यायला गेले होते. ते संपले होते, म्हणून त्यांनी डेक्रॉन आणले आणि घरच्या शिलाई यंत्रावर त्याची नळी शिवली. शिवण त्यांना लहानपणी आईने शिकवली होती. डेक्रॉन म्हणजे पॉलिएस्टर. तगरच्या विणकरांना किंवा सोलापूरच्या मागवाल्यांना ज्या तत्त्वाचे नवल वाटले नसते, त्याच उभ्या-आडव्या धाग्यांवर या आजाराचा उपचार उभा राहिला.

१८/
महाराष्ट्राचे योगदान परळच्या के.ई.एम. रुग्णालयात सापडते. १९२६ मध्ये सुरू झालेल्या या रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय व रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेचा विभाग घडवला. फेब्रुवारी १९६८ मध्ये त्यांनी भारतातील पहिले हृदयारोपण केले. रुग्ण काही तासच जगला. मात्र या लेखाच्या दृष्टीने त्यांचे दुसरे काम अधिक मोलाचे आहे. डॉ. जी. बी. परुळकर व विकृतिशास्त्र आणि क्ष-किरण विभागांतील सहकाऱ्यांसह त्यांनी महारोहिणीच्या एका दाहजन्य विकाराचे १०१ रुग्ण अभ्यासले आणि १९७० च्या दशकाच्या प्रारंभी त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

१९/
पाश्चात्त्य ग्रंथांतील रुग्ण साठीपुढचा, धूम्रपान करणारा पुरुष असे. परळच्या नोंदींत तरुण माणसे होती, त्यांत स्त्रियाही बऱ्याच. त्यांच्या महारोहिणीच्या भिंतीला दाह होऊन ती बहुधा अरुंद होई, क्वचित फुगे. जपानमध्ये ताकायासू या नेत्रतज्ज्ञाने १९०८ मध्ये ज्या विकाराचे वर्णन केले, त्याच्याशी याचे नाते होते. परंतु जपानी रुग्णांत मानेकडे जाणाऱ्या वाहिन्या अधिक बाधित होत, तर भारतात पोटातील महारोहिणी आणि मूत्रपिंडांच्या वाहिन्या. क्षयरोगाशी त्याचा संबंध आहे का, याचाही शोध घेतला गेला. परकीय पुस्तकातील चित्र आपल्या रुग्णावर जसेच्या तसे लावू नये, हा परळचा धडा आजही लागू आहे.

२०/
यानंतरचे मोठे पाऊल पोट न उघडण्याचे होते. युक्रेनमधील खार्किव येथे निकोलाय व्होलोदोस यांनी १९८७ मध्ये छातीतील महारोहिणीत वाहिनीच्या आतूनच कापडी नळी बसवली. ७ सप्टेंबर १९९० रोजी ब्युनॉस आयर्स येथे हुआन पारोदी यांनी पोटातील फुगवट्यावर हीच दिशा धरली. जांघेतील रोहिणीतून धातूच्या जाळीला जोडलेली घडी केलेली नळी वर सरकवायची आणि फुगवट्याच्या आत उघडायची. रक्त नव्या नळीतून वाहते, जुन्या भिंतीवरचा ताण उतरतो. २००४ मधील ब्रिटिश चाचणीत अशा उपचारानंतर ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण १.७ टक्के, तर पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर ४.७ टक्के आढळले. मात्र आतली नळी कालांतराने सरकू वा गळू शकते. म्हणून पुढेही नियमित तपासणी लागतेच.

२१/
आता खरा प्रश्न : कोणावर शस्त्रक्रिया करावी? १९९८ मध्ये ब्रिटनमधील १,०९० रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. ४ ते ५.५ सेंटिमीटरच्या फुगवट्यावर लगेच शस्त्रक्रिया केली काय किंवा ठराविक काळाने मोजत राहिले काय, जगण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. तेव्हापासून पुरुषांत साधारण ५.५ सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते. स्त्रियांत फुगवटा तुलनेने लहान असतानाच फुटू शकतो, म्हणून त्यांच्यासाठी सुमारे ५ सेंटिमीटरला विचार सुरू होतो. भराभर वाढणारा किंवा दुखणारा फुगवटा असेल, तर मोजपट्टीची वाट पाहत नाहीत.

२२/
मोजण्याचे साधन ग्लासगोत घडले. इयान डोनल्ड यांनी १९५८ मध्ये ध्वनिलहरींनी पोटातील अवयव व गर्भ पाहण्याचे तंत्र जगापुढे मांडले. आपण त्यास सोनोग्राफी म्हणतो. २००२ मध्ये ब्रिटनमधील ६५ ते ७४ वयाच्या सुमारे ६७,८०० पुरुषांच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निम्म्यांना एकदाच सोनोग्राफीसाठी बोलावले होते. चार वर्षांत त्या गटात या आजाराने होणारे मृत्यू ४२ टक्क्यांनी कमी झाले. काही मिनिटांची, वेदनारहित तपासणी. २००९ पासून इंग्लंडमध्ये पासष्टी गाठणाऱ्या पुरुषांना ती सरकारी खर्चाने देऊ केली जाते. अमेरिकेतील तज्ज्ञ मंडळाने २००५ मध्ये, कधी ना कधी धूम्रपान केलेल्या ६५ ते ७५ वयाच्या पुरुषांना ती एकदा करण्याची शिफारस केली.

२३/
फुगवटा होऊच नये यासाठी काय करता येते? सर्वांत ठळक कारण धूम्रपान. त्याखालोखाल वय, पुरुष असणे, घरात भाऊ किंवा वडिलांना हा आजार असणे, उच्च रक्तदाब आणि वाहिन्यांत चरबी साचणे. विडी-सिगारेट सोडल्याने धोका घटतो आणि असलेल्या फुगवट्याची वाढही मंदावते. फुगवट्याची वाढ खात्रीने थांबवणारी गोळी अद्याप नाही. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक उपयोगी पडेल, ही आशा २०२० मधील अमेरिकी चाचणीत फोल ठरली. उलट सिप्रोफ्लॉक्सासिनच्या कुळातील प्रतिजैविके अशा रुग्णांनी शक्यतो टाळावीत, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला. ही औषधे आपल्याकडे सर्रास वापरली जातात. म्हणून ज्याला फुगवटा आहे, त्याने ते प्रत्येक डॉक्टरला सांगितलेच पाहिजे.

२४/
मग ईटसारख्या गावाने या इतिहासातून काय घ्यावे? आशियाई वंशाच्या लोकांत हा आजार युरोपीय लोकांच्या मानाने बराच कमी आढळतो. म्हणून भारतात सरसकट तपासणीचा कार्यक्रम नाही, आणि त्यामागे तर्क आहे. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातील साधारण चारपैकी एक प्रौढ तंबाखू वापरताना आढळला. त्यांतील बहुतेक चघळणारे आहेत, आणि फुगवट्याविषयीचा भक्कम पुरावा धुराच्या तंबाखूविषयी आहे. तरी चाळीस वर्षे विडी ओढलेले आजोबा प्रत्येक गावात आहेत. सोनोग्राफी म्हटली, की ती गरोदर सुनेची, असे मानले जाते. सासऱ्याचे पोट कोणी तपासत नाही. दुसऱ्या कारणाने पोटाची सोनोग्राफी होत असेल, तर ‘महारोहिणीही मोजा’ एवढे म्हणणे पुरेसे आहे.

२५/
अंतराचा प्रश्नही आहे. सोलापूरचे वैद्यकीय महाविद्यालय १९६३ चे, धाराशिवचे २०२२ चे. रक्तवाहिन्यांची मोठी शस्त्रक्रिया करणारी केंद्रे मोठ्या शहरांत एकवटली आहेत. फुटलेला फुगवटा घेऊन बालाघाटावरून निघालेल्या रुग्णासाठी प्रत्येक किलोमीटर महाग असतो. म्हणून लक्षणे पाठ असावीत : साठीपुढील व्यक्तीच्या पोटात, पाठीत किंवा कुशीत अचानक उठलेली तीव्र कळ, घाम, चक्कर, शुद्ध हरपणे. हे दुखणे पुष्कळदा मूतखडा समजले जाते. उतारवयात आयुष्यातला पहिला मूतखडा दुखू लागला, तर आधी महारोहिणीचा संशय घ्यावा. २०१४ पासून राज्यात चालू असलेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका अशा वेळी तात्काळ बोलवावी. आणि धडधडणाऱ्या गाठीवर तेल लावून पोट चोळू नये.

२६/
सुश्रुतसंहितेने हाती घेऊ नये म्हटले, अँटिलसने मोठ्या गाठीपासून दूर राहण्यास सांगितले, व्हेसालियसने ओळखले आणि मृत्यूची वाट पाहिली. त्यांच्यापाशी दुसरा मार्गच नव्हता. आज कापडी नळी आहे, ती बसवणारे हात आहेत, आणि सेंटिमीटरमध्ये मोजणारे यंत्र तालुक्याच्या गावीही सापडते. उणीव उरली आहे ती वेळेवर विचारण्याची. बेंबीवर बोटे टेकवणाऱ्या जाणत्या माणसाला तो ठोका पूर्वीपासून लागतोच आहे. तो फार रुंद लागला, तर रुग्णाला सोनोग्राफीसाठी पाठवावे, एवढीच भर त्याच्या विद्येत पडायची आहे.

#थ्रेड समाप्त. घरात विडी-सिगारेट ओढलेले वडीलधारे असतील, तर हा इतिहास त्यांनाही वाचून दाखवावा.